आबाजींना मशीन, नातीला मीठ-पाणी

त्या वर्षी आमच्या घरात आधी मुलगी पडली आणि मग सासरे.

मी घाटंजीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. आठवडाभर तो यवतमाळातच खोली करून राहतो आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येतो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे एरवी घरात तिघंच: मी, अकरावीतली मुलगी आणि सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते, मुलगी आबाजी म्हणते. मामाजी पंचायत समितीत हापशा दुरुस्त करायचे. तालुक्यातली निम्मी गावं त्यांच्या हातचं पाणी प्यायली आहेत. रिटायर झाल्यावरही एखाद्या गावाहून फोन यायचा, आणि हे सायकलच्या कॅरियरला पाने-पकडीची पिशवी बांधून निघायचे.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, ऊन सडकून पडत होतं. मुलीच्या कॉलेजात कसलासा कार्यक्रम होता, पाहुणे यायला उशीर झाला आणि सगळी मुलं मैदानात उभी. ही सकाळी नुसता चहा पिऊन गेलेली. तिच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी वर्गात पाढे घेत होते. स्कूटी कशी काढली आणि कशी पोचले ते मला आठवत नाही. स्टाफरूममध्ये बाकावर ती बसली होती. केसांत माती होती आणि खोलीभर कांद्याचा वास सुटला होता. कोणी कांदा हुंगवला होता, कोणी चप्पल. कॉलेजचा शिपाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हातपाय झटकत होती पोरगी. मिरगीच वाटते. दवाखान्यात दाखवा."

मुलगी मला नीट सांगत होती. "आई, आधी डोळ्यांपुढे पिवळं पिवळं झालं. मग कानात सूं सूं. घाम फुटला, मळमळलं. बाई माईकवर बोलत होत्या ना, त्यांचा आवाज एकदम लांबून यायला लागला. मग काही माहीत नाही." मी ऐकत होते, मान हलवत होते. पण डोक्यात त्या शिपायाचा एकच शब्द बसला होता.

घाटंजीच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, ईसीजी काढला. काळजीचं काही दिसत नाही, रक्त तेवढं तपासून घ्या, असं ते म्हणाले. रक्त द्यायला लॅबमध्ये गेलो, आणि सुई पाहिल्यावर पोरगी तिथंच खुर्चीत पुन्हा मान टाकून बसली. मिनिटभरात डोळे उघडले खरे, पण ते मिनिट माझ्या जिवाला पुरलं. रक्त थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. माझं समाधान मात्र होईना. एकदा पडली ते उन्हानं म्हणायचं. दुसऱ्यांदा तर ती सावलीत बसलेली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामाजी घरी आले ते कपाळाला रुमाल बांधून. सोबत त्यांचा चहाटपरीवाला दोस्त होता. बाजारातल्या मशिदीजवळ त्याची टपरी आहे, आणि मामाजींची सकाळची बैठक वर्षानुवर्षं तिथल्याच बाकावर.

"पाय घसरला," मामाजी म्हणाले.

टपरीवाले चाचा मागून बोलले, "घसरला नाई वहिनी. बसल्या जागी पडले. बोलता बोलता खल्लास! चष्मा फुटला, पाहा."

मी मामाजींकडे पाहिलं. ते खाली बघत चपला काढत होते.

"याच्या आधी कधी झालं होतं का असं?"

"एकडाव झालतं. मांगं, न्हाणीपाशी."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय करतं बाई? तू तिकडं पोरीच्या मांगं धावून राह्यली होती. एका घरात किती जण पडतीन?"

त्यांचा राग येऊच शकला नाही मला. मी रुमाल सोडून त्यांची जखम धुतली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "आजाले तेच, नातीले तेच. घराण्यातच असंल वं. आता पोरीचं लग्न जमवाच्या वक्ताले पाहा, लोक इचारतीन." त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. जे मनात आलं ते त्या बोलून मोकळ्या झाल्या. पण त्यानंतर मी मोबाईलवर नको नको ते वाचत बसायची. बेशुद्ध पडणारी तरुण मुलं, अचानक थांबणारी हृदयं, छातीत बसवायची मशीन. जे वाचलं ते सगळं मला मुलीत दिसायचं. ती जिना उतरायला लागली की मी खाली जाऊन उभी राहायची.

आमच्या डॉक्टरांनी मामाजींच्या छातीची पट्टी काढली, म्हणजे ईसीजी. मुलीच्या पट्टीवरून त्यांची नजर झरझर गेली होती. मामाजींच्या पट्टीवर ती थांबली. ते म्हणाले, "ठोके पडताहेत. पण आतून जी वीज जाते ना, तिच्या वाटेत अडथळा दिसतो. यवतमाळला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मी तिथंच ठरवलं, दोघांनाही एकाच दिवशी न्यायचं. जे काय असेल ते एकदाच कळू दे.

यवतमाळच्या बसस्टँडवर नवरा सुट्टी घेऊन येऊन थांबला होता. तिथून दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणजे साधारण माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. मी पिशवीतून सगळे रिपोर्ट काढून टेबलावर मांडायला लागले. त्यांनी ते हातानं बाजूला सरकवले. "हे पाहतेच मी. आधी मला पडण्याची गोष्ट सांगा. काय काय झालं ते, पहिल्यापासून."

मुलीला त्यांनी खूप वेळ विचारलं. उभी होतीस का बसलेली? खाल्लं होतंस का? पडायच्या आधी काय वाटलं? जीभ चावली गेली का? कपडे ओले झाले का? शुद्धीवर आल्यावर समोर कोण आहे ते कळत होतं का?

"हो, लगेच कळलं," मुलगी म्हणाली. "सगळ्यात आधी नाकासमोर चप्पल दिसली. ती कोणाची तेसुद्धा ओळखलं मी."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. त्या दवाखान्यात कोणी हसेल असं मला घरून निघताना वाटलं नव्हतं.

मग त्या मामाजींकडे वळल्या. "आबाजी, तुम्हाला पडायच्या आधी काही कळतं?"

"काहीच नाई. बटन दाबून लाईट बंद केला, असं."

"घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाई बा."

"आणि नंतर?"

"मंग लाईट चालू. मले वाटते मी बोलूनच राह्यलो, अन् लोक मले उचलून राह्यले."

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "तुम्हाला पडताना कोणी पाहिलं?"

चाचांना फोन लावला, स्पीकरवर. मागून कपबशांचा आवाज येत होता. "हां डॉक्टरसाब, मी समोरच होतो ना! काय सांगू, बाजारभावाचं बोलून राह्यले होते. एकदम चेहरा असा पांढरा, कागदासारखा. अन् धप्पकन खाली. मले वाटलं गेला माझा दोस्त. पानी मारलं, तोवर डोळे उघडले. अन् मंग चेहरा लाल झाला, एकदम लाल, जसं का बुखार आहे."

"आधी पांढरा, मग लाल? नक्की?"

"अल्लाकसम. म्या पाह्यलं ना."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग आमच्याकडे पाहून विचारलं, "घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का?"

या प्रश्नाचीच मला भीती होती. मामाजींचा धाकटा भाऊ तिशीतच गेला, हे मला माहीत होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं.

मामाजीच बोलले. "भाऊ गेला माह्या. पऱ्हाटीत कापूस येचताना साप चावला त्याले. रानातून आणेपर्यंत बोलत होता."

"साप चावून गेले. म्हणजे हृदयाचं काही नाही," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणखी कोणी?"

आणखी कोणी नव्हतं. मी श्वास सोडला.

मुलीला त्यांनी आडवं झोपवून बीपी पाहिलं, मग उभं करून थोड्या थोड्या वेळाने परत पाहिलं. दोघांची पट्टी पुन्हा काढली. छातीवर जेली लावून हृदयाची सोनोग्राफी केली. मग मुलीला आणि मला समोर बसवलं.

"हिला साधी भोवळ येते. खूप वेळ उभं राहिलं, ऊन लागलं, पोटात काही नसलं, सुई-रक्त पाहिलं, की काही जणांचं शरीर असं वागतं. रक्त पायात उतरतं, बीपी पडतं, डोक्याला क्षणभर रक्त कमी पोचतं. हिचं हृदय चांगलं आहे. मिरगी नाही."

"पण हातपाय झटकले म्हणतात."

"डोक्याला रक्त कमी पडलं की कोणाचेही झटकतात. दोन-चार झटके येतात आणि माणूस लगेच भानावर येतो. मिरगीत लगेच चप्पल ओळखता येत नाही, बराच वेळ गोंधळ राहतो."

"नक्की मिरगी नाही ना?"

"नाही."

मी अजून एकदा विचारलं. त्यांनी न कंटाळता अजून एकदा सांगितलं. मग मी, मोबाईलवर वाचलेलं सगळं गोळा करून, म्हणाले, "मॅडम, तरी मशीन बसवून टाकली तर? पेसमेकर. म्हणजे काळजीच नको."

त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "आई म्हणून तुम्हाला असं वाटणार. पण पेसमेकर करतो काय? हृदयाचा ठोका चुकला की तो देतो. हिचं मुख्य दुखणं ठोक्याचं नाहीच, बीपी पडण्याचं आहे. मशीन ठोका देईल, पण पायात उतरलेलं रक्त ती कशी वर आणणार? मशीन बसवूनही ही पडेलच. आणि या वयात बसवली तर जन्मभर बदलत राहावी लागेल. जिचा उपयोग नाही ती वस्तू मी तुमच्या मुलीच्या छातीत ठेवणार नाही."

मग त्यांनी मुलीला तिथंच शिकवलं. पिवळं दिसायला लागलं की लाजायचं नाही, जिथं असशील तिथं खाली बसायचं, जमलं तर आडवं व्हायचं. बसायला जागाच नसेल तर पायाला पायाची कैची मारून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट धरायच्या. पाणी भरपूर प्यायचं, ताक-लिंबूपाणी मीठ घालून घ्यायचं, उपाशी घराबाहेर पडायचं नाही. मुलगी उभी राहून पायाची कैची करून पाहत होती, आणि डॉक्टरबाई तिचा खांदा दाबून म्हणत होत्या, "अजून घट्ट."

"बस, एवढंच?" बाहेर आल्यावर नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसावं की नाही असं झालं होतं.

मामाजींचं मात्र एवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी बांधली. दिवसभराचे सगळे ठोके त्यात टिपले जाणार होते. दुसऱ्या दिवशी डबी परत केली, तर त्यात काहीच सापडलं नाही. मामाजी खूश. "पाह्य, म्या म्हणलं होतं. काही नाई मले."

"त्या दिवशी तुम्ही पडला नाहीत, एवढंच यातून कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पट्टीत अडथळा दिसतो, तुम्ही काही न कळता पडता, चेहरा पांढरा होऊन लाल होतो. माझा संशय पक्का आहे. पण नुसत्या संशयावर मशीन बसवायची नाही मला. आपण त्याला पकडू." मग त्यांनी जास्त दिवस चालणारं, छातीवर चिकटवायचं एक यंत्र लावून दिलं. काही वाटलं की त्यावरचं बटन दाबायचं.

ते यंत्र लावून मामाजी घरात कैद्यासारखे फिरायचे. सायकल मी कुलूप लावून ठेवली होती. थंडी पडली होती, बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. त्या दिवशी मामाजींना सोलेभात हवा होता, म्हणून आम्ही दोघं अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत होतो. ते कुठल्याशा गावची गोष्ट सांगत होते, दगडात बोअर मारला आणि पाणी गोडं लागलं. अर्ध्या वाक्यात ते थांबले. मी वर पाहिलं. चेहरा पांढरा. हातातली शेंग तशीच, डोळे माझ्याकडे, पण मला न पाहणारे. ते एका बाजूला कलले. मी त्यांना छातीशी धरलं, आणि बटन आठवलं, आणि दाबलं. मुलीला हाक मारली की नाही ते मला माहीत नाही, पण ती धावत आली.

"आबाजी! आबाजी!"

मग त्यांच्या गालावर रंग आला. नुसता आला नाही, भडकन चढला, चाचा म्हणाले होते तसाच. त्यांनी हातातल्या शेंगेकडे पाहिलं. "काय झालं? असं काहून धरलं मले?"

मी त्यांना सोडलंच नाही. पण खरं सांगते, त्या घाबरण्याच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. यंत्रात सापडलं असेल, असं मनाला म्हणत होते.

सापडलं होतं. डॉक्टरबाईंनी आम्हाला कागद दाखवला. ठोक्यांच्या उभ्या रेघा ओळीनं चाललेल्या, आणि मग एक लांब सपाट रेघ. ती कुठं संपते ते मी शोधत राहिले. मग पुन्हा ठोके.

"हे पाहा. इथं तुम्ही शेंगा सोलत होतात. वरून निघालेली वीज खाली पोचलीच नाही. याला गोळी नाही. याला पेसमेकरच लागतो, आणि लवकर."

मामाजी त्या सपाट रेघेवर बोट ठेवून बसले. मग घसा साफ करून म्हणाले, "डॉक्टरीन बाई, एक इचारू? माह्यं वय झालं. माह्यं सगळं पाहून झालं. घरात एकच मशीन बसत असंल, तर ते पोरीले बसवा. तिले सारी जिंदगी काढाची हाय."

नवऱ्यानं मान खाली घातली. मुलगी म्हणाली, "आबाजी, काहीही काय!" आणि तिचा आवाज फाटला.

डॉक्टरबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि मामाजींच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. "आबाजी, ही वाटणी नाही. तुमच्यातलं काढून तिला द्यायचं असं काही नाहीच. तिला गरज नाही म्हणून तिला नाही. तुम्हाला गरज आहे म्हणून तुम्हाला. तिला काय पाहिजे माहीत आहे का? सकाळी पोटभर नाश्ता आणि आजोबा."

मामाजींनी नातीकडे पाहिलं. "खरंच तिले काई नाई?"

"खरंच काही नाही."

"मंग बसवा," ते म्हणाले. आणि लगेच, त्यांचं मूळ काम आठवल्यासारखं, "बॅटरीवर चालते का? अन् वायसर-गियसर बदलाव लागते का त्याचं?"

मशीन बसवायला नागपूरला जावं लागलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर बसलो होतो. मुलगी मोबाईल न पाहता बसली होती, हे मी प्रथमच पाहत होते. मला वाटत होतं तेवढा वेळ लागला नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झालं. जागे आहेत, बोलताहेत." आत गेलो तर मामाजी डाव्या खांद्याखाली पट्टी घेऊन पडले होते. "मले झोपवलंच नाई रे त्याईनं," ते मुलाला म्हणाले. "सारं ऐकू येत होतं. गाणं लावलं होतं कोणीतरी आतमंधी." त्यांना अभिमान वाटत होता की तक्रार करायची होती, कळलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यासमोरच्या ठेल्यावर मी तर्रीपोहे खाल्ले. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. एक प्लेट संपली, दुसरी मागवली. नवरा माझ्याकडे पाहून हसायला लागला, मग त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला की तर्री तिखट आहे.

पुढचे काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. मामाजींनी सदरा घालायला माझी मदत नाकारली आणि नातीची घेतली. मोबाईल आता मशीनपासून लांब, उजव्या खिशात असतो. सायकल परत मिळाली. चाचांच्या बाकावर ते पुन्हा बसतात आणि छातीवरची उंचवट्याची जागा सदऱ्याचं बटन काढून ज्याला त्याला दाखवतात. काकूंनाही दाखवली. काकूंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "बाप्पा!"

मुलगी बारावी होऊन अमरावतीला शिकायला गेली. हॉस्टेलला पाठवताना मी घाबरले नाही असं नाही. मध्ये एकदा मेसच्या रांगेत उभी असताना तिला पिवळं दिसायला लागलं. तिनं सरळ फरशीवर बसकण मारली. मुली हसल्या, कोणी पाणी दिलं, आणि पाच मिनिटांनी ती उठून जेवायला गेली. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेही शेवटी, दुसरंच काहीतरी बोलून झाल्यावर, सहज. फोन ठेवल्यावर मी माझं काम करत राहिले, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेच नाही.

अलीकडे मामाजींना तपासणीला यवतमाळला घेऊन गेले होते. डॉक्टरबाईंनी त्यांच्या छातीवर एक यंत्र टेकवलं आणि स्क्रीनवर आकडे आले. आतल्या मशीननं आपली नोंद ठेवलेली असते. बॅटरी चांगली आहे, त्या म्हणाल्या. मग स्क्रीनकडे बोट दाखवून, "आणि हे पाहा, मशीननं ठोके दिलेत. एकदा-दोनदा नाही, पुष्कळ वेळा."

"म्हणजे तेव्हा हे पडले असते?"

"त्यातल्या काही वेळा, हो."

मामाजी विचारात पडले. "केव्हा? मले तं काईच समजलं नाई."

"समजायला नकोच ना," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी आठवत राहिले, केव्हा असेल? ते जेवत असतील, की चाचांशी भांडत असतील, की अंगणात झोपले असतील आणि मी शाळेत पाढे घेत असेन. काही सांगता येत नाही. घाटंजीची बस लागली होती. मामाजी पुढं जाऊन, मला न विचारता, खिडकीची जागा धरून बसले.